तीस महिन्यांची अट

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, २००८ साली अमेरिकी बीफच्या आयातीविरुद्ध जे आंदोलन झालं, त्याचा विषय निघाला की बहुतेक जण ते दोन वाक्यांत निकालात काढतात. टीव्हीवर एक भडक कार्यक्रम लागला, घाबरलेली पोरंटोरं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आली आणि पुढे कुणाला काहीही झालं नाही. अमेरिकी बीफ खाऊन मॅड काऊ या गाईंपासून माणसांना होणाऱ्या रोगाने कोरियात आजवर एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. म्हणजे आंदोलन खोटं ठरलं, असा सरळ हिशेब. मला हा हिशेब पटत नाही, आणि तो इतक्या सहज मांडला जातो याचा रागही येतो. या आंदोलनाबद्दल हाती लागेल ते मी वाचत आले आहे, त्या रात्रींचे फोटो आणि चित्रफिती पाहत आले आहे. पुन्हा पुन्हा हेच जाणवतं, की रस्त्यावरचे लोक एक प्रश्न विचारत होते आणि सरकार दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं.

आधी रोगाबद्दल, कारण तो समजल्याशिवाय ‘तीस महिन्यांच्या आतल्याच जनावराचं मांस’ या अटीचा अर्थ लागत नाही. १९८६ साली ब्रिटनमध्ये या रोगाचं निदान झालं. गाई अडखळायच्या, बिथरायच्या, शेवटी त्यांना उभंही राहता यायचं नाही. शोध घेता घेता बोट खाद्याकडे गेलं. कत्तलखान्यात उरलेलं मांस आणि हाडं यांची पूड करून ती जनावरांच्याच खाद्यात मिसळली जात होती. गवत खाणाऱ्या प्राण्याला त्याच्याच जातीचे अवशेष खाऊ घातले जात होते. रोग पसरवणारा घटक जिवाणू नव्हता की विषाणू नव्हता. प्रिऑन म्हणजे घडी चुकलेलं एक प्रथिन. नेहमीच्या शिजवण्याने ते नष्ट होत नाही, आणि ते शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला वर्षानुवर्षं लागतात. मे १९९० मध्ये ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला आणि बीफ सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डोरेल यांना संसदेत सांगावं लागलं, की माणसांच्या मेंदूचा एक नवा जीवघेणा आजार दिसतो आहे आणि त्याचा संबंध बहुधा गाईंच्या या रोगाशी आहे. ब्रिटनमध्ये त्या आजाराने पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, त्यात तरुण पुष्कळ. त्या दोन तारखांमधली सहा वर्षं जगभरच्या खाणाऱ्यांनी लक्षात ठेवली. सरकार जेव्हा म्हणतं ‘शास्त्रज्ञांनी पाहिलं आहे, तुम्ही बिनघोर खा’, तेव्हा ती सहा वर्षं मनात येणारच, आणि त्यात मला काही वेडगळ वाटत नाही.

आता वय. रोगी जनावरात प्रिऑन मुख्यतः मेंदू, डोळे, मज्जारज्जू, मणक्यांलगतच्या नसांच्या गाठी, टॉन्सिल आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग इथे सापडतो. जनावराचं वय वाढतं तसा धोका वाढतो. अडीच वर्षांच्या आत हा रोग क्वचितच दिसतो. म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापारात तीस महिने ही रेघ ओढली गेली. नुसतं लाल मांस खाणाऱ्याच्या दृष्टीने ही यादी लांबची आहे. कोरियन स्वयंपाकघरात ती लांबची राहत नाही. तिथे पायाची हाडं तासन्‌तास उकळून दुधासारखा पांढरा रस्सा काढतात, शेपटीचं सूप करतात, आतडी निखाऱ्यावर भाजून खातात, बरगड्या हाडासकट मसाल्यात मुरवतात. अमेरिकेत ज्या भागांना फारसं गिऱ्हाईक नाही, तेच तिथे आवडीने, सणासुदीला खाल्ले जातात. एका देशाच्या ताटावरून काढलेला धोक्याचा अंदाज दुसऱ्या देशाच्या ताटाला जसाच्या तसा लावला, तर दुसऱ्याने तक्रार का करू नये?

डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका दुभत्या गाईत हा रोग सापडला आणि कोरियाने अमेरिकी बीफ बंद केलं. तोवर कोरिया हा अमेरिकेचा तिसऱ्या क्रमांकाचा गिऱ्हाईक होता, त्यामुळे घाव मोठा होता. २००६ मध्ये दार किलकिलं झालं: तीस महिन्यांच्या आतल्या जनावराचं, बिनहाडाचं मांस चालेल. पहिला नऊएक टनांचा माल आला, कोरियन तपासनीसांनी तो एक्स-रे यंत्राखालून काढला, त्यात हाडाची एक बारीक कपची दिसली आणि सगळा माल नाकारला गेला. अमेरिकी निर्यातदार संतापले, आणि त्या कपचीत रोगाचा धोका नव्हता हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण अट बिनहाडाची होती आणि मालात हाड होतं.

हा माल पाठवणाऱ्या कॅन्ससच्या क्रीकस्टोन फार्म्स या कंपनीची आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्या प्रकरणात फार महत्त्वाची वाटते. आशियातल्या ग्राहकांचा विश्वास परत मिळावा म्हणून या कंपनीने २००४ मध्ये ठरवलं, की कापलेल्या प्रत्येक जनावराची मॅड काऊ चाचणी स्वखर्चाने करायची. अमेरिकेच्या कृषी खात्याने परवानगी नाकारली. चाचणीचे संच कुणाला मिळावेत हे खात्याच्या हातात होतं. आणि एकाने सगळ्या जनावरांची चाचणी केली तर बाकीच्यांवरही दबाव येईल, ही मोठ्या मांस उद्योगाची धास्ती होती. कंपनी कोर्टात गेली, खालच्या कोर्टात जिंकली, आणि ऑगस्ट २००८ मध्ये वरच्या कोर्टात हरली. विकणारा स्वतःच्या पैशाने तपासून द्यायला तयार, विकत घेणारा त्यासाठी आतुर, आणि मध्ये सरकार उभं राहून म्हणतं की तपासायचं नाही. ग्राहकांच्या मनात संशय का आला, असं ज्यांना विचारायचं आहे त्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

२००८ च्या फेब्रुवारीत कोरियात ली म्युंग-बाक राष्ट्राध्यक्ष झाले. मोठ्या मताधिक्याने आलेले, उद्योगक्षेत्रात मुरलेले, झटपट निर्णय घेण्याबद्दल नावाजलेले. अमेरिकेशी मुक्त व्यापार करार २००७ मध्येच झाला होता, पण बीफचा बाजार उघडल्याखेरीज तो अमेरिकी काँग्रेसमध्ये पुढे सरकणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. १८ एप्रिल २००८ रोजी, कॅम्प डेव्हिडला अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याबरोबरची ली यांची बैठक तोंडावर असताना, बीफचा समझोता झाला. हाडांसकट मांस चालणार, तीस महिन्यांवरच्या जनावरालाही वाट मोकळी, बरेचसे आतले अवयवही चालणार. त्यातलं सर्वांत झोंबणारं कलम वेगळंच होतं. उद्या अमेरिकेत नवी रोगी गाय सापडली, तरी पॅरिसची जागतिक पशुआरोग्य संघटना अमेरिकेचा दर्जा खाली आणत नाही तोवर कोरियाला स्वतःहून आयात थांबवता येणार नव्हती. आपल्या बंदरात आलेला माल परत पाठवायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क एका बैठकीच्या सोयीसाठी सोडून दिला गेला होता. संसदेत चर्चा नाही, लोकांना पूर्वकल्पना नाही.

त्यावर राष्ट्राध्यक्ष ली जे बोलले ते माझ्या मते या साऱ्या भडक्याचं मूळ आहे. नागरिकांना चांगलं मांस स्वस्तात मिळेल, कुणावर सक्ती नाही, ज्यांना आवडणार नाही त्यांनी कमी घ्यावं, अशा आशयाचं ते बोलले. बाजाराच्या भाषेत हे बिनतोड वाटतं. खाटकाकडे उभ्या असलेल्या, खिशात पैसे असलेल्या माणसाला ते लागूही पडतं.

शाळेत जेवणाऱ्या मुलीला ते लागू पडत नाही. कोरियात शाळेतलं दुपारचं जेवण शाळाच देते. ताटात जे वाढलं ते खायचं. ते मांस कुठून आलं, कुणाच्या कंत्राटातून आलं, हे मुलांनी विचारायचं नसतं आणि विचारलं तरी सांगणारं कुणी नसतं. स्वस्त मांस बाजारात आलं की ते आधी कुठे जाणार? जिथे शेकडो ताटांचा खर्च भागवायचा असतो तिथे. शाळेत, सैनिकांच्या खाणावळीत, रुग्णालयात. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या एका कत्तलखान्याचं चित्रीकरण बाहेर आलं होतं. उभंही राहू न शकणाऱ्या गाईंना कामगार फोर्कलिफ्टने ढकलत होते, विजेचे झटके देत होते. त्या कंपनीचं साडेसहा कोटी किलो बीफ परत मागवावं लागलं. अमेरिकेच्या इतिहासात बीफ परत मागवण्याचा तोवरचा हा सर्वांत मोठा प्रसंग. त्यातलं दीड कोटी किलोपेक्षा जास्त मांस अमेरिकेतल्याच शाळांच्या जेवणासाठी गेलं होतं. कोरियातल्या मुलींना जी शंका आली, ती अमेरिकेतल्या मुलांच्या ताटात आधीच खरी ठरली होती. त्या मांसात मॅड काऊ नव्हता, हे खरं. पण ज्यांना ‘नको’ म्हणता येत नाही त्यांच्याच ताटात सगळ्यात हलका माल जातो, हा त्यांचा अंदाज अचूक होता.

२ मे २००८ च्या संध्याकाळी सोलच्या चंगग्ये चौकात पहिली मोठी गर्दी जमली, तिच्यात नजरेत भरत होत्या त्या शाळेच्या गणवेशातल्या मुली. कागदी कपात खोचलेली मेणबत्ती एका हातात, दुसऱ्या हातात ‘वेडी गाय तुम्हीच खा’ असा फलक. (हा चौक ज्या ओढ्याच्या तोंडाशी आहे, तो शहराखाली गाडलेला ओढा ली म्युंग-बाक यांनीच महापौर असताना पुन्हा उघडा केला होता, लोकप्रियतेची त्यांची मोठी पुंजी तीच.) एका शाळकरी विद्यार्थ्याने इंटरनेटवर सुरू केलेल्या, राष्ट्राध्यक्षांवरच्या महाभियोगाच्या अर्जावर त्या दिवसांत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. पक्षांचे नेते नव्हते, कामगार संघटना मागाहून आल्या.

आता त्या टीव्ही कार्यक्रमाबद्दल, कारण त्याला बगल देऊन पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. २९ एप्रिलला एमबीसी वाहिनीवर ‘पीडी नोटबुक’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात अमेरिकी बीफवर भाग दाखवला गेला. त्यात गंभीर चुका होत्या. चिनोच्या लोळागोळा झालेल्या गाई मॅड काऊच्याच असाव्यात असा भास निर्माण केला गेला. अमेरिकेतल्या एका तरुणीचा मृत्यू या आजाराशी जोडला गेला. तो संबंध टिकला नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ९४ टक्के कोरियन लोकांची जनुकीय ठेवण अशी आहे की रोगी बीफ खाल्लं तर त्यांना हा आजार होण्याची शक्यता तितकीच, असं सांगितलं गेलं. ती ठेवण बहुसंख्य कोरियनांत आहे आणि आजार झालेल्या जवळजवळ सर्वांत ती आढळली, इथवर ठीक. त्यावरून ९४ टक्के शक्यता काढणं हे साफ चूक. सरकारने निर्मात्यांवर खटला भरला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यक्रमातले काही भाग खोटे असल्याचं नमूद केलं, पण सरकारच्या धोरणावर टीका करणाऱ्या पत्रकारांना त्याबद्दल गुन्हेगार ठरवता येणार नाही म्हणून त्यांची निर्दोष मुक्तता कायम केली. मला हा निकाल दोन्ही अंगांनी योग्य वाटतो. त्या चुकीच्या आकड्याने आईबापांची झोप उडवली, मुलांना मरणाची धास्ती दिली. कार्यक्रम करणाऱ्यांवर त्याची जबाबदारी आहे.

तरीही तो कार्यक्रम वजा केला तर काय उरतं ते पाहा. घाईत केलेला समझोता उरतो, माल रोखण्याचा सोडलेला हक्क उरतो, वयाची उठवलेली अट उरते आणि शाळेतलं ताट उरतं. यातलं काहीच अफवा नव्हतं. धोका किती, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात, आणि त्यांनी तो अगदी कमी असल्याचं सांगितलं तेव्हा ते बरोबर होते. पण तो कमी धोका कोणत्या फायद्यासाठी, कुणी, कुणाच्या वतीने पत्करायचा, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. मुली ते विचारत होत्या. सरकार आकडे दाखवत होतं आणि त्यांना अडाणी म्हणत होतं.

कायद्याने सूर्यास्तानंतर उघड्यावर सभा घ्यायला बंदी होती. म्हणून हे मेळावे ‘मेणबत्ती सांस्कृतिक महोत्सव’ या नावाखाली भरत; गाणी होत, कुणीही माईक हातात घेऊन बोले. (पुढच्याच वर्षी घटना न्यायालयाने ही रात्रीची बंदी घटनेशी विसंगत ठरवली.) मेच्या अखेरीस गर्दी चौकातून रस्त्यावर आली आणि धरपकड सुरू झाली. पोलिसांच्या जाळीच्या बसला तिथे बोलीभाषेत ‘कोंबड्यांच्या खुराड्याची गाडी’ म्हणतात. लोकांनी आपण होऊन त्या बसमध्ये चढायला रांग लावली, एकमेकांचे फोटो काढले आणि त्याला खुराड्याची सहल म्हटलं. आया बाबागाड्या घेऊन आल्या. लष्करी सेवा संपवलेले तरुण गणवेश चढवून आले आणि पोलीस व गर्दी यांच्यामध्ये हात धरून उभे राहिले. ३१ मेच्या रात्री आणि १ जूनच्या पहाटे पाण्याचा मारा झाला.

मग १० जून. १९८७ च्या ज्या जनउठावाने कोरियाला राष्ट्राध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क परत मिळवून दिला, त्याला त्या दिवशी २१ वर्षं पूर्ण होत होती. लोक प्रचंड संख्येने येणार हे ओळखून पोलिसांनी आदल्या रात्रीच सेजोंग रस्त्यावर, सेनापती इ सुन-शिन यांच्या पुतळ्यापाशी, मालवाहू कंटेनर एकावर एक रचून अख्खा रस्ता बंद केला. कंटेनर एकमेकांना वेल्डिंगने जोडले, हलू नयेत म्हणून आत वाळू भरली, वर चढता येऊ नये म्हणून बाहेरून ग्रीस फासलं. लोकांनी त्याला ‘म्युंगबाकचा किल्ला’ हे नाव दिलं. त्या संध्याकाळी सोलमध्ये पोलिसांच्या मते ऐंशी हजार, आयोजकांच्या मते सात लाख लोक होते.

त्या रात्रीची जी गोष्ट मला सर्वांत जास्त भिडते ती गर्दीच्या आकड्यात नाही. काही जणांनी थर्माकोलचे मोठाले ठोकळे आणले आणि भिंतीला लागून पायऱ्या रचायला सुरुवात केली. लगेच इतरांनी अडवलं. पलीकडे गेलो तर हाणामारी होईल, त्यांना तेच हवं आहे. मग ठोकळ्यांभोवतीच सभा भरली. एकजण चढावं म्हणून बोले, दुसरा चढू नये म्हणून. अनोळखी माणसं पाळीपाळीने माईक घेत होती, हुर्यो होत होती, टाळ्या पडत होत्या. तासन्‌तास हे चाललं. पहाटे कधीतरी पायऱ्या रचल्या गेल्या, काही लोक झेंडे घेऊन वर चढले, ते फडकवले आणि पलीकडे न उतरता आल्या वाटेने खाली आले. १८ एप्रिलच्या समझोत्याआधी जी चर्चा संसदेत व्हायला हवी होती, तशी चर्चा करायची ताकद या लोकांत होती. एका थर्माकोलच्या ढिगावर चढायचं की नाही यासाठी त्यांनी अर्धी रात्र घालवली. अशा लोकांना बहकलेला जमाव म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

१९ जूनला राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्यांदा जाहीर माफी मागितली. १० जूनच्या रात्री आपण निवासस्थानामागच्या टेकडीवर एकटे बसून मेणबत्त्यांची ती रांग पाहिली, असं ते म्हणाले. व्यापारमंत्री किम जोंग-हून वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी सुझन श्वाब यांच्याशी पुन्हा बोलले. आधीचा करार मोडला नाही, पण दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांनी तीस महिन्यांच्या आतलंच बीफ पाठवायचं आणि घ्यायचं, आणि त्याची हमी अमेरिकी कृषी खात्याच्या तपासणीतून द्यायची, अशी तोड निघाली. मेंदू, डोळे, मज्जारज्जू, कवटी हेही थांबलं. रस्त्यावरच्या पुष्कळांना हे पुरेसं वाटलं नाही. जूनच्या शेवटी दोन्ही बाजूंनी डोकी फुटली. ३० जूनला कॅथलिक धर्मगुरूंनी सिटी हॉलसमोर प्रार्थना घेऊन मोर्चा पुन्हा शांततेवर आणला. जुलैपासून लहानमोठ्या सगळ्या उपाहारगृहांना बीफ कुठल्या देशाचं हे लिहून लावणं सक्तीचं झालं. पावसाळा सुरू झाला तशी गर्दी पांगत गेली.

आज कोरिया अमेरिकी बीफच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे, काही वर्षं तर पहिल्या क्रमांकाचा. हे सांगून लोक डोळा मारतात: बघा, तेव्हा गळे काढणारेच आता चवीने खातात. मला यात विसंगती दिसत नाही. त्यांनी बीफ खाणार नाही अशी शपथ घेतली नव्हती. ते आज खातात ते तीस महिन्यांच्या आतल्या जनावराचं, कुठल्या देशातून आलं ते फळ्यावर लिहिलेलं मांस, आणि यातलं काहीही १८ एप्रिलच्या समझोत्यात नव्हतं. ज्या तात्पुरत्या सोयीला सगळे तोंडदेखली तडजोड म्हणाले, ती इतकी वर्षं टिकली आहे. अमेरिका दर काही वर्षांनी ही अट व्यापारातला अडथळा म्हणून मांडते. २०२५ च्या उन्हाळ्यात आयातशुल्काच्या वाटाघाटींत ती पुन्हा टेबलावर आली, तेव्हा कोरियाचे व्यापारमंत्री यो हान-कू यांनी समोरच्या अमेरिकी अधिकाऱ्यांना २००८ च्या गर्दीचा फोटो दाखवला आणि या प्रश्नावर आमचे लोक काय करू शकतात ते पाहा म्हणून सांगितलं. ज्या गर्दीला अडवायला एका सरकारने वाळूने भरलेले कंटेनर आणले, तिचाच आधार दुसऱ्या सरकारने घेतला. करार झाला, इतर मागण्यांवर देवाणघेवाण झाली. बीफवर मात्र तीस महिन्यांची अट होती तशीच राहिली.